पेन्सिलीतला शेरा

समिती येणार म्हणून झाडांना बुडाशी चुना लागला,
वर गेरूची पट्टी.
कॅम्पातल्या भांडाराचं कुलूप तेल पिऊन गप्प झालं.
तीन दिवस आम्ही कागद उन्हात घातले,
पापड घालावेत तसे,
वर मोजून दगड.

मी भरमू हुंदरे, राहणार बेळगुंदी.
एकतीस वर्षं बूट मोजले.
मोजायचे जोड्यांत,
पण मला पायच दिसायचे. सात नंबर पुष्कळ,
आठ बरे, नऊ कमी.
अकरा नंबर एकदाच लागला, खानापूरकडच्या एका पोराला,
तो येईस्तोवर पोरगं कॅनव्हासवर धावलं.

खासदार नऊ यायचे होते, पाच आले.
सांबऱ्याला विमान उशिरा उतरलं.
साहेबांनी पडद्यावर तक्ते दाखवले:
निविदा, फेरनिविदा, सगळ्यांत कमी दर,
नमुना पास, तपासणी पास, माल पास.
आमच्या शाळेचा असा निकाल कधी लागला नव्हता.

मग त्या बाई.
कुठल्यातरी नदीकाठच्या मतदारसंघाच्या,
चष्मा दोरीला बांधलेला.
म्हणाल्या, अकरा वर्षांपूर्वीच्या खरेदीतला शिल्लक बूट आणा.
आणला.
दोन्ही हातांनी वाकवला,
शिळी भाकरी मोडावी तसा,
आणि तळ बोलला.
पंखा चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

मग खतावणी. पान एकशे बेचाळीस.
समासात, पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
तळ कच्चा हाय. चालणाऱ्याला कळंल.

कुणी लिहिलं हे?
छोट्या साहेबांनी मोठ्या साहेबांकडं पाहिलं,
मोठ्या साहेबांनी छपराकडं.
मी दाराशी, हातात चहाचा ट्रे,
कप एकमेकांना लागून वाजत होते.

पेननं लिहिलं असतं तर खुलासा मागितला असता.
लिहिलंच नसतं तर झोप लागली नसती.
पेन्सिल म्हणजे मधली जागा,
आमच्या मुलुखासारखी:
बसची पाटी एका लिपीत,
बाजारातला भाव दुसरीत,
शिवी दोन्हीत.

ट्रे खाली ठेवला. हात वर केला, खांद्यापर्यंतच.
"मी लिवलो ते, बाई."
"मग वर का नाही कळवलंत?"
याचं उत्तर लांब होतं. त्यात पोरीची फी होती,
बदलीची भीती होती, एक मेजर होता जो आता हयात नाही.
मी म्हणालो, "कळवलो की. कागदावर हाय."
कुणी हसलं नाही.
बाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला,
लघुलेखकाला म्हणाल्या, हे असंच्या असं घ्या.

अहवाल पुढच्या वर्षी संसदेत आला.
तोवर मी निवृत्त. पुतणीनं, रेवतीनं,
मोबाईलवर शोधून मराठीत सांगितला.
परिच्छेद सदतीस: तळाचा दर्जा अपेक्षेनुरूप नसल्याचे
कनिष्ठ स्तरावर निदर्शनास आले होते.
कनिष्ठ स्तर म्हणजे मी.
आणि चालणाऱ्याला कळंल, ते कुठाय?
ती बोटानं वर गेली, खाली गेली.
"काका, ते बसलं नसंल त्यात."

समितीला खेद वाटला.
मंत्रालयानं नोंद घेतली.
समिती म्हणाली, उत्तर समाधानकारक नाही, पुन्हा द्या.
हे तेवढं मला आवडलं. पुन्हा द्या.
चौथीतल्या कुलकर्णीबाई वही अशीच परत टाकायच्या,
आणि आम्ही रडत रडत
दुसऱ्यांदा बरोबर लिहायचो. कधी कधी.

एक राहिलंच.
त्या दिवशी पाहुण्यांसाठी कुंद्याचे पाच डबे आणलेले.
चार गेले.
एक टेबलावर तसाच, सुतळी न सोडलेला.
बाई जाता जाता म्हणाल्या, याची नोंद करा.
संध्याकाळी सगळे पांगल्यावर मी रजिस्टर उघडलं,
तारीख घातली.
जमा: कुंदा, अर्धा किलो, डबा एक.
पेननं.